फरशीवर ओतलेलं पाणी

मित्रांनो, पोर्चच्या भिंतीवर लटकणारा मी एक जुना ॲडॅप्टर आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा, पण आमच्या जातीत तेवढं वय पुष्कळ झालं. माझ्या अंगावर कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव नाही. फरीदाबादच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एका ताईंनी माझे सहा स्क्रू घट्ट पिळले, मला उलटसुलट करून पाहिलं आणि खोक्यात ठेवलं. पुढे दिल्लीच्या करोल बागेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मी तीन वर्षं धूळ खात पडलो, आणि तिथे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एक दिवस सूर्यकांतराव आले. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी विजेवर चालणारी एक वापरलेली गाडी घेतली होती. तिच्या चार्जरच्या वायरीला कारखान्यात असतो तसा निळा, गोल प्लग, आणि घराच्या भिंतीत आपलं नेहमीचं तीन भोकांचं सॉकेट. दोघांचं जमायचं कसं? म्हणून मी. माझी एक बाजू भिंतीत बसते, दुसऱ्या बाजूत तो गोल प्लग बसतो. मध्यस्थाचं काम म्हणा. यात श्रेय कमी मिळतं आणि काही बिनसलं की पहिलं बोट आपल्याकडे वळतं.

गाडी घेतली ती सुमित्राबाईंसाठी. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर मागच्या थंडीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, शब्द मात्र सावरले नाहीत. मनात सगळं असायचं, ओठांवर यायचं नाही. ‘चमचा’ म्हणायला त्यांना कधी कधी मिनिटभर लागायचं, आणि समोरचा माणूस तेवढ्यात चमचा आणून द्यायचा. एकदा टॅक्सीवाल्याने त्यांना उतरवायची घाई केली, त्याला थांब म्हणायला शब्द सापडला नाही, आणि त्या रडत घरी आल्या. त्या दिवसापासून त्यांनी परक्या गाडीत बसणं सोडलं.

अशात शाळेतून वैभवीताईंचा फोन आला. त्या सुमित्राबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवतात. शनिवारी तिसरीच्या मुलांना एक गोष्ट सांगायला याल का, असं त्यांनी विचारलं. सुमित्राबाई म्हणाल्या, “येते.” झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून कुठे जायचं कबूल केलं ते हे पहिल्यांदा. सूर्यकांतराव पोर्चमध्ये येऊन गाडी पुसत बसले. गाडी स्वच्छच होती.

आणि सोमवारपासून गाडी चार्ज होईना. एप्रिलचं ऊन तापलं होतं. वायर लावली की हिरवा दिवा लागायचा, पाच-सात मिनिटांत लाल व्हायचा आणि सगळं बंद पडायचं. गाडीत नऊ टक्के चार्ज उरला होता. तेवढ्यात पहाडगंज कुठलं गाठणार? जवळच्या मॉलमधला चार्जर महिनाभर बंदच होता.

सूर्यकांतरावांनी त्यांच्या सवयीप्रमाणे फाइल उघडली. खरीखुरी, हिरव्या नाडीची. वर विषय लिहिला: ‘चार्जिंग वारंवार खंडित होण्याबाबत’. आत तारीख, वेळ, काय केलं, काय झालं. सोमवारी एसी बंद ठेवून पाहिला. मंगळवारी सॉकेट बदललं. चार्जरची पुस्तिका त्यांनी मोठ्याने वाचली: लाल दिवा लागल्यास ॲडॅप्टर व घराचं अर्थिंग तपासावं. त्यातला ‘ॲडॅप्टर’ हा शब्द त्यांनी लाल शाईने अधोरेखित केला आणि ‘अर्थिंग’ सोडून दिला. पुण्याहून मुलगा सुधन्वा फोनवर म्हणाला, “बाबा, तो लोकल ॲडॅप्टरच कचरा आहे. फेकून द्या यार.” मला वाईट वाटलं. माझी एकही पिन सैल नव्हती.

त्याच दिवशी एक विचित्र गोष्ट घडली. पुस्तिका वाचून झाली, लाल दिवा पुन्हा लागला आणि सुमित्राबाई आतून प्लास्टिकच्या मगात पाणी घेऊन आल्या. फाटकाजवळच्या कोपऱ्यात गेल्या आणि नव्या कोऱ्या फरशीवर त्यांनी ते ओतून दिलं. सूर्यकांतरावांनी घाईघाईने त्यांच्या हातातून मग काढून घेतला. “अगं, घसरशील!” बुधवारी पुन्हा तेच. त्या काहीतरी सांगू पाहत होत्या, पण वाक्य निघेपर्यंत फरशी पुसूनही झाली होती. मग सूर्यकांतरावांनी सुधन्वाला हळू आवाजात सांगितलं की आई हल्ली फरशीवर पाणी ओतते, डॉक्टरांना विचारायला हवं. मी भिंतीवर होतो, मला ऐकू आलं. सुमित्राबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनाही ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी राजबीर आला. सेक्टरमधला इलेक्ट्रिशियन. त्याने मला उघडलं, तपासलं आणि म्हणाला, “अंकल, ये तो बढ़िया है. आपके घर की अर्थिंग मरी पड़ी है.” खरं सांगतो, मित्रांनो, मी फुशारलो. पण लगेच त्याने अर्थिंगचा खड्डा, म्हणजे घराची अर्थिंगची तार जमिनीत पुरलेली जागा, कुठे आहे ते विचारलं, आणि सूर्यकांतरावांना ते ठाऊक नव्हतं. तीस वर्षं या घरात राहून ठाऊक नव्हतं. नवा खड्डा खणायचा तर तीन-चार दिवस लागणार होते.

माझ्या तीन पिनांपैकी जी सगळ्यांत जाड आणि लांब असते ना, ती अर्थिंगची. एरवी तिच्यातून वीज जात नाही. कुठे काही बिघडलं तर वीज माणसाच्या अंगात न शिरता जमिनीत जावी, एवढ्यासाठीच ती असते. चार्जर चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा तिची चौकशी करतो. राजबीर म्हणाला की एक जुगाड आहे. ॲडॅप्टरच्या आत तारेचा छोटा तुकडा टाकून ती पिन शेजारच्या पिनेला जोडायची, म्हणजे चार्जरला वाटतं अर्थिंग ठीक आहे. फक्त चार्जिंग चालू असताना गाडीला कुणी हात लावायचा नाही.

म्हणजे मी खोटं बोलायचं होतं. सूर्यकांतरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या शनिवार. ते म्हणाले, “चलो, एक दिन के लिए कर दो.” राजबीरने तो तुकडा माझ्या पोटात बसवला. मला ओरडता येत नाही, नाहीतर मी ओरडलो असतो.

तेवढ्यात सुमित्राबाई पुन्हा मग घेऊन बाहेर आल्या. आजारानंतर त्या पोर्चमधून चालायच्या त्या गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवत, एकेक पाऊल टाकत. आताही तशाच आल्या. सूर्यकांतरावांची नजर त्या तळहातावर गेली आणि ते ताडकन राजबीरकडे वळले.

“रहने दो भाई,” ते म्हणाले. “निकालो वो तार.” मग बायकोकडे वळून म्हणाले, “सुमित्रा, उद्याचं नाही जमणार गं. मी वैभवीला कळवतो.”

सुमित्राबाई थांबल्या नाहीत. फाटकाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी पाणी ओतलं. सूर्यकांतरावांनी मगाला हात घातला. या वेळी सुमित्राबाईंनी तो सोडला नाही. दोघं म्हातारी माणसं एका प्लास्टिकच्या मगाला धरून उभी राहिली. सुमित्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ओठ हलत होते. सूर्यकांतराव काहीतरी बोलायला गेले, आणि त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, तोंड मिटून नुसते उभे राहिले.

“खाली,” सुमित्राबाई म्हणाल्या. “खाली... आहे. मी घालायचे. पाणी. उन्हाळ्यात.” त्यांनी श्वास घेतला. “तुम्ही ऑफिसात.”

राजबीरला मराठी येत नव्हतं, पण कळलं त्यालाच आधी. तो गुडघ्यांवर बसून फरशीवर हातोडीची मूठ ठोकू लागला. एके जागी आवाज पोकळ आला.

मग सगळं उलगडलं. घर बांधताना मिस्त्रीने सुमित्राबाईंना सांगितलं होतं की दिल्लीकडची माती उन्हाळ्यात पार सुकते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. शाळेतून दुपारी आल्या की त्या दोन बादल्या घालायच्या. सूर्यकांतराव मंत्रालयातून दिवेलागणीला यायचे, तोवर माती पिऊन मोकळी. आजारानंतर त्याच खड्ड्याच्या उंच झाकणाला त्यांचा पाय अडखळला, आणि सूर्यकांतरावांनी बंद पडलेलं गटार समजून वर सरळ फरशी घालून घेतली. बायको पडू नये म्हणूनच घातली होती. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, “मी तुला वेडी ठरवत होतो गं.” सुमित्राबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिल्या.

चार फरशा फुटल्या. आत माती भाजल्यासारखी कोरडी होती, वरची तार गंजून सुटलेली. राजबीरने नवी पट्टी जोडली, ओल टिकावी म्हणून मीठ-कोळसा भरला आणि बादल्यांमागून बादल्या ओतल्या. माझ्या पोटातला तो तुकडा काढून त्याने माझे सहा स्क्रू पुन्हा पिळले. दुपारी हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. माझ्या जाड पिनेला पायाखाली जमीन आली. अशी खरी साक्ष द्यायला मिळणं फार सुखाचं असतं.

शनिवारी मी भिंतीवरच होतो, त्यामुळे वर्गात काय झालं ते मला परतल्यावर कळलं. सूर्यकांतरावच फोनवर सुधन्वाला सांगत होते. गोष्ट मध्येच अडली म्हणे. ‘घुबड’ हा शब्द काही केल्या येईना. सूर्यकांतरावांना तो ठाऊक होता, जिभेवर होता, पण त्यांनी दात आवळून धरले. तिसरीची तीस मुलं चूप बसली. आणि मग तो शब्द आला, सुमित्राबाईंच्याच तोंडून. पुढच्या शनिवारीही बोलावलं आहे.

खड्ड्यावर आता जमिनीसपाट झाकण आहे. लोक मला काढून नवा, नावाजलेल्या कंपनीचा ॲडॅप्टर लावतीलही एक दिवस. माझी तक्रार नाही. आमच्या अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घाला, स्क्रू सैल होऊ देऊ नका आणि आमच्याकडून खोटं बोलवून घेऊ नका, एवढं केलंत तरी आम्ही भरून पावलो. पण मित्रांनो, मला खरं मागायचं आहे ते वेगळंच. तुमच्या घरात कुणाला शब्द सापडायला वेळ लागत असेल, तर त्यांच्या हातातला मग काढून घेऊ नका. जरा उभे राहा.