तरोट्याची सावड

आमच्या गावात कुणाच्या घरात काय चाललंय हे कळायला त्याच्या घरात शिरावं लागत नाही. त्याचं रान पाहिलं की पुरतं. पिकात तण माजलं की समजावं, घरात भांडण आहे, आजारपण आहे, नाहीतर घरधनी आळशी आहे. माझ्या, म्हणजे उकंडरावाच्या रानात असलं काही कुणाला कधी दिसलं नव्हतं. कुरुंद्याच्या रस्त्यानं जाणारे बाप माझ्या हळदीकडे बोट दाखवून आपापल्या पोरांना शिव्या देत. त्या शिव्या ऐकायला मला फार गोड वाटायच्या. खोटं कशाला बोलू?

आणि अशा माणसाच्या पोटी तण पेरणारी पोरगी जन्माला आली.

पुनम शेतकीच्या कॉलेजात एमएस्सी करते. मृगाच्या तोंडावर ती घरी आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, “बाबा, मला रस्त्याकडचं गुंठाभर रान पाहिजे. तरोटा पेरायचाय.”

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं असेल. मी तिच्या आईला पाणी आणायला सांगितलं.

“बाबा, मी बरी आहे. ऐका तर.” मग तिनं समजावलं. तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी टणक असतं, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. ते कशानं जागं होतं आणि उगवल्यावर पहिल्या दिवसांत किती जोरानं वाढतं, हे कळलं तर त्याला वेळेवर गाठता येतं. तीन कॉलेजं मिळून हा अभ्यास करत होती, एक विदर्भातलं, एक खानदेशातलं, एक तिचं. तिन्हीकडे एकाच दिवशी पेरायचं, एकाच दिवशी उपटायचं, मुळं धुऊन मोजायची, वजन करायचं.

“मग कॉलेजच्या रानात पेरा की. माझंच नाक कापायला काहून आलीस?”

“तिथं पाणी साचतं, बाबा. आणि शिला मॅडम म्हणाल्या, या पावसाळ्यात झालं तर झालं, नाहीतर वर्ष गेलं.”

शिला मॅडम म्हणजे तिच्या गाईड. वर्ष गेलं म्हणताना पोरीचा आवाज जरा चिरकला. बापाचं पुढं काय चालतं? दिलं रान. फक्त म्हणालो, रस्त्याकडचं नको, मागचं घे. तर मागच्या रानात सावली. शेवटी रस्त्याकडचंच, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असं.

बी कुठून आणायचं हा प्रश्न होता, कारण माझ्या रानात तरोटा औषधालाही नव्हता. तांड्यावरच्या नीलाबाईच्या बांधावर मात्र तो मुबलक. नीलाबाई माझ्या बायकोची, सुमनबाईची, जिवाभावाची मैत्रीण आणि सावडीची म्होरकी. सावड म्हणजे आज सगळ्याजणींनी मिळून तुझ्या रानात खुरपायचं, उद्या माझ्या. तिच्या सावडीत एक कडक नियम होता. जिनं तिनं आपल्या पातीतलं, म्हणजे वाट्याच्या ओळीतलं, तण आपल्याच पातीच्या डोक्याशी ढीग घालून ठेवायचं, काम उरकून सगळ्याजणी ढीग पाहीपर्यंत हलवायचं नाही. कुणी अंगचोरपणा केला की ढीगच बोलतो. या नियमावरून तांड्यात आणि गावात मिळून बऱ्याच जणींचं बोलणं बंद झालं होतं, पण नियम काही मोडला नव्हता.

“भाऊ, पोतंभर न्या,” नीलाबाई मला म्हणाली. “पण तुमच्या घरी समदं बराबर हाय ना?”

घरात बियांची सरबराई सुरू झाली. काही बिया तशाच ठेवायच्या, काही गरम पाण्यातून काढायच्या आणि काही पॉलिश पेपरवर घासायच्या. घासायचं काम माझ्याकडे आलं. मी ओसरीवर बसून एकेक बी सुतारासारखा घासत होतो आणि सुमनबाई दारात उभी राहून बघत होती.

“जल्मभर ह्याच्या मुळावर उठलो,” ती म्हणाली, “आता ह्याचंच बाळंतपण करून राहिलो.”

पेरलं. प्रत्येक प्रकाराच्या तीन तीन ओळी, वेगवेगळ्या जागी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. पाऊस झाला आणि तरोटा उगवला. साध्या बियांच्या ओळी अर्ध्याअधिक रिकाम्या. गरम पाण्याच्या बऱ्या होत्या. आणि माझ्या घासलेल्या ओळी! त्यातही रस्त्याच्या अगदी कडेची एक ओळ अशी तरारून आली, की काय सांगू. पहिले दिवस मी तिकडे पाहतच नव्हतो. मग चोरून पाहू लागलो. मग सकाळी हळदीच्या आधी तीच ओळ बघायला जाऊ लागलो. एकदा शेळीनं तिकडे मान वळवली तर मी शेळीला असा ओरडलो, की सुमनबाई घरातून धावत आली.

आता गाव गप्प बसेल का? उकंडरावाच्या रानात तण, तेही ओळीनं, आणि उकंडराव त्याला राखतोय. पहिल्यांदा आला माझा चुलतभाऊ जळबा. गावातली कुठलीही बातमी त्याच्याकडे घटकाभर विसाव्याला थांबते आणि धष्टपुष्ट होऊन पुढं जाते. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला.

“दादा, ताप न्हाई. मंग काय तकलीफ हाय? आतून हाय का?”

“अरे, पुनमचा अभ्यास आहे तो.”

“व्हय, व्हय,” जळबा म्हणाला. आजारी माणसाला माणूस जसं व्हय म्हणतो, तसं.

पुनमनं मग तिथं पाटी लावली: ‘संशोधन सुरू आहे. कृपया उपटू नये.’ झालं ते आणखीच वाईट. पाटी लागली म्हणजे जमिनीवर कज्जा आहे, कोर्टाचा हुकूम आहे, त्याच धसक्यानं उकंडरावानं अंथरूण धरलं, असं जळबानं पाटी न वाचताच जाहीर केलं. दोन दिवसांत कळमनुरीहून माझा मेहुणा रामजी केळी आणि बिस्किटं घेऊन हजर. मी हळदीत घाम गाळत होतो. तो मला बघून रडवेला झाला.

“दाजी, अशा तब्येतीत काम करून राहिले? ताईनं तरी सांगायचं!”

“मला काहीही झालेलं नाही!”

“असंच म्हणतेत,” रामजी म्हणाला आणि केळी माझ्या हातात कोंबून गेला. मी रागानं ती बैलाला घातली.

हे सगळं मी सोसलं. उपटायचा दिवस उद्यावर आला होता. वजन करायचा बारीक काटा कॉलेजातून आणायचा होता, म्हणून मी आणि पुनम सकाळीच मोटारसायकलवर हिंगोलीला गेलो. त्याच दिवशी आमच्या हळदीत सावडीची पाळी होती. जाताना पुनमनं आईला बजावलं, “आई, तरोट्याला हात लावायचा नाही.” आईनं तिची शपथ घेतली आणि खरंच पाळली. शपथ बाकीच्यांना घालायची राहिली.

दुपार कलता आम्ही परत आलो. पुनमच्या पोटात कावळे ओरडत होते. सुमनबाई सावडीच्या बायांसाठी कालवण करून बसली होती. भाकरी ज्याची त्याची, पण कालवण घरधनिणीचं, असा आमच्याकडचा रिवाज. तिनं आमच्यापुढे ज्वारीची भाकरी आणि लसणाची फोडणी दिलेली तरोट्याची भाजी वाढली. पुनम भाजीवर तुटूनच पडली.

“आई, काय कोवळा तरोटा आहे गं! सगळी रोपं एका वयाची दिसतात.” एवढं शिकलेली पोरगी एवढं बोलली आणि पुन्हा वाढायला सांगितलं. ताट पुसून खाल्लं. मी कमीच खाल्ली, बाहेरून आल्यावर माझी भूक मरते.

मग आम्ही रानात गेलो.

रस्त्याकडचं गुंठाभर रान अगदी निर्मळ होतं. माझ्या जन्मात मी एवढं स्वच्छ रान पाहून एवढा कधी घाबरलो नव्हतो. बाया बांधावर भाकरी सोडून कालवणाची वाट बघत बसल्या होत्या आणि नीलाबाई तोंडभरून हसत पुढं आली.

“हळद लवकर उरकली, भाऊ. म्हटलं, सुमनबाईच्या घरावर येळ आली हाय, कोर्ट बी लागलं, धनी बी आजारी. पाळीचं काम तर करतोच, पण हे बी करून टाकू. एक बी मूळ तुटू दिलं न्हाई बघा. भुई वली व्हती, लोण्यासारखं निघालं.”

पुनम मटकन बांधावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “माझं वर्ष गेलं, बाबा,” ती म्हणाली. मला नीलाबाईवर ओरडायचं होतं. पण जी बाई माझ्या घरावरचं संकट निवारायला विनामोबदला कंबर मोडून आलीय, तिच्यावर ओरडायचं तरी काय म्हणून?

मी तोंड फिरवलं आणि तेव्हा मला दिसलं. प्रत्येक ओळीच्या डोक्याशी एकेक ढीग होता. एका बाईनं एक ओळ धरली होती आणि नियमाप्रमाणे तिचा ढीग तिच्या ओळीशी, दुसरीच्या ढिगापासून चांगला लांब.

“पुनम,” मी म्हणालो, “तू उद्या काय करणार होतीस?”

“उपटणार होते,” ती हुंदके देत म्हणाली. मग तिनंही पाहिलं. मग ती जी उठली, ती ओरडतच. “कुणी ढीग हलवू नका! पाणी आणा! सुकायच्या आत मोजायचंय!” मॅडमला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, एक दिवस आधी उपटलं तर तशी नोंद करू, वाया जाऊ देऊ नकोस.

मग जे झालं ते एखाद्या लग्नघरीही होत नाही. बाया घमेल्यात मुळं धुऊ लागल्या, पुनम पट्टी लावू लागली. आपल्या ओळीचं मूळ लांब की शेजारणीच्या, यावरून भांडणं जुंपली. “पट्टी सरळ धर, पोरी, तिकडनं वाकडी हाय!” तमाशा बघायला आलेल्या जळबाला मी काट्यापाशी बसवलं. तो प्रत्येक आकडा असा ओरडून सांगत होता, की पलीकडच्या शिवारात कळावं. तीन कॉलेजांच्या जोडीला आमची सावडही संशोधनात उतरली.

शेवटी रस्त्याच्या कडेची ओळ आली. माझी ओळ. तिच्या डोक्याशी ढीग नव्हता.

“ही पात कुणाची?” पुनमनं विचारलं.

मग एकेक मान नीलाबाईकडे वळली. ज्या बाईनं वर्षानुवर्षं सगळ्यांचे ढीग पाहिले, तिचाच ढीग नव्हता! बायांना जो आनंद झाला, तो दिवाळीलाही होत नसेल.

“मी काम चुकवलं न्हाई!” नीलाबाई लाल होऊन म्हणाली. “लई कोवळा व्हता म्हणून वट्यात भरून सुमनबाईला नेऊन दिला. तिला वाटलं, माझ्या बांधावरचा हाय. दिला कालवणाला!”

पुनमचा हात आपोआप पोटावर गेला.

पुनमनं शिला मॅडमना पुन्हा फोन लावून आकडे सांगितले. “एक ओळ कमी कशी? काय झालं? गुरांनी खाल्ली का?”

“नाही, मॅडम.”

“रानडुकरं?”

“नाही, मॅडम.” पोरगी जमिनीकडे बघत म्हणाली, “मीच खाल्ली.”

पलीकडून हसू आलं आणि थांबेचना. प्रत्येक प्रकाराच्या तीन ओळी याचसाठी असतात, मॅडम म्हणाल्या, एखादी गेली तरी चालतं. वर्ष वाचलं. पुनम नीलाबाईच्या गळ्यात पडली आणि पुन्हा रडली, ह्या वेळी चांगलं रडली. मीही जरा तिकडे तोंड करून उभा राहिलो.

पण माझ्या मनात ती ओळ राहिलीच. ती मी घासली होती, मी राखली होती, आणि जगातल्या एकाही कागदावर ती कधी येणार नव्हती. पुनम कॉलेजला गेली तरी मी सकाळी त्या रिकाम्या जागेकडे बघायचो. आणि एके दिवशी त्या ओळीच्या जागी, अगदी कडेला, दोन पानं वर आलेली दिसली. मागं राहिलेलं एक बी जागं झालं होतं. माझा हात सवयीनं खाली गेला आणि तिथंच थांबला.

फोन केला. “बाबा, उपटू नका!” पुनम ओरडली. “हे मोजणीत नाही, पण मला बघायचंय, उशिरा उगवलेलं कसं वाढतं ते. मी शनिवारी येते.”

मी चार काड्या रोवून त्याला कुंपण केलं. शेळी येईल म्हणून तिथंच बसलो, गडव्यानं थोडं पाणी घातलं. मान वर करतो तो जळबा रस्त्यावर उभा. सगळं रान निर्मळ, आणि कडेच्या एका तरोट्याला कुंपण घालून मी पाणी पाजतोय. तो सायकल वळवून गेला.

संध्याकाळी कळमनुरीहून रामजी केळी घेऊन आला. ह्या वेळी मी वाद घातला नाही. दोन खाल्ली आणि त्याला म्हणालो, “शनिवारपर्यंत बरा होईन.”