नांदेडहून उत्तर नाही

१९५६ सालची गोष्ट. त्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. कचेऱ्यांतली कितीतरी माणसं औरंगाबाद-नांदेडकडे गेली, काही गुलबर्ग्याला गेली, आणि कर्नूलची इकडे हैदराबादला आली. ज्याला त्याला ट्रंक कॉल हवा होता. मराठवाड्याकडच्या लाइनी मात्र पूर्वी होत्या तेवढ्याच, दोन.

सत्यवती तेव्हा बावीस वर्षांची. टेलिफोन कचेरीत, परगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर, तिला जेमतेम वर्ष झालं होतं. कॉलची चिठ्ठी लिहायची, पाळी आली की लाइन जोडून द्यायची. अर्जंटच्या चिठ्ठ्या वर, साध्या खाली. त्या दिवसांत साध्या चिठ्ठ्या वर येतच नव्हत्या.

सहा तारखेला दुपारी बाराला मालनबाईंनी नामपल्लीच्या सार्वजनिक फोनवरून नांदेडचा साधा कॉल लावायला सांगितला. त्यांचा मुलगा एकनाथराव महसूल खात्यात होता. बदली होऊन नांदेडला गेला होता. बरोबर चल म्हणाला, तेव्हा मालनबाई हट्टाला पेटल्या होत्या, हैदराबाद सोडणार नाही म्हणून. आता त्यांचं मन वळलं होतं. सहा तारखेला दुपारी तारऑफिसात येऊन बस, काय ते फोनवर सांगते, असं त्यांनी त्याला पत्रानं कळवलं होतं. हे सगळं त्यांनी सत्यवतीला दोनदा सांगितलं, आणि लाइन लागेपर्यंत फोनजवळच्या बाकावर बसून राहते म्हणाल्या. बोली तिच्याच गावाकडची, म्हणून तीही ऐकत राहिली.

साडेचार वाजत आले. पाळी सुटायची वेळ. पुढच्या मुलीच्या हवाली कमीत कमी चिठ्ठ्या करायच्या असा तिथला रिवाज. जास्त उरल्या की टोमणे बसत. सुपरवायझर मुकुंदराव मागे येऊन उभे राहिले.

"अगे, बाराची चिठ्ठी अजून इथंच? 'उत्तर नाही' लिही अन् हो मोकळी. कायकू जीव जाळतीस?"

नांदेड न लावताच सगळ्या मुली तसं लिहीत. सत्यवतीनंही लिहिलं. मग मालनबाईंना सांगितलं, "मावशी, तिकडं कोणी आलेलं नाही."

मग त्या म्हणाल्या, "हौ. राग असंल त्याचा. असू दे लेकी."

डिसेंबरात मालनबाई वारल्या. फोन ज्यांच्या दुकानात होता ते अप्पाराव सांगत होते, पोरानं टाकलं म्हणून म्हातारीनं अंथरूण धरलं ते धरलंच.

त्या आठवड्यापासून रोज साडेचारला बोर्डावरची नामपल्लीची झडप पडू लागली. पलीकडे कोणी फोन उचलला की पडते ती झडप. सत्यवती प्लग लावून नंबर विचारी. उत्तर नाही, नुसता श्वास, आणि बाकावर कोणी सावरून बसावं तसा आवाज. तिच्या सुट्टीच्या दिवशी मात्र झडप पडत नसे. लाइनमन तातेरावांनी दोनदा तार तपासली. तिसऱ्यांदा ते साडेचारलाच जाऊन आले.

"बाई, त्या टायमाला दुकान बंद असतंय. कुलूप मी हातानं ओढून बघितलं."

जानेवारीत एका दुपारी झडप पडली, तशी सत्यवतीनं चिठ्ठीशिवायच नांदेड जोडलं. एकनाथरावांना कचेरीतून बोलावून घेतलं, स्वतःचं नाव सांगितलं आणि कबूल केलं, की त्या दिवशी लाइन लावलीच नव्हती. तुमच्या आई तुमच्याकडे राहायला येते म्हणून सांगणार होत्या.

एकनाथरावांनी आधी एकच विचारलं.

"किती वेळ बसली होती ती?"

"साडेचार तास."

"मी तारऑफिस बंद होईस्तोवर बसलो होतो," एकनाथराव म्हणाले. "मला वाटलं, तिनं फोनच केला नाही."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. सांगून टाकलं की सुटका होईल, असं सत्यवतीला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी साडेचारला झडप पडलीच. तिनं प्लग लावला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, ते आले होते. शेवटपर्यंत बसले होते."

श्वास थांबला. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं तशी लाइन उघडी राहिली. मग रोज तेच सांगणं आलं.

चिठ्ठीशिवाय कॉल जोडला म्हणून मुकुंदरावांनीच तिचं नाव वर कळवलं. पुढे ते बढतीवर मद्रासला गेले आणि तिथंच निवृत्त झाले. अप्पारावांनी फोन परत केला, दुकान विकलं आणि मुलीकडे जाऊन राहिले. फोन गेला तरी झडप पडायची थांबली नाही. तातेराव सिकंदराबादला घर बांधून राहिले. नातवंडांना फोनच्या पुष्कळ गमती सांगत, ही एक सोडून. एकनाथरावांच्या घरच्या टेलिफोनचा नंबर लागायला नऊ वर्षं लागली, आणि लागला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. सत्यवतीचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. पाळी बदलून मिळत होती, पण तिनं कधी मागितली नाही. तो बोर्ड मोडीत निघेपर्यंत, चौदा वर्षं, दिवसपाळी तिनंच केली.