पाय टेकले तेव्हा

ज्या दिवशी बाई गेल्याचे कळले, त्या दिवशी मी उस्तादच्या दुकानात लाकडी फळीवर उताणी पडले होते. उस्ताद माझे रेग्झिन उसवत होता. मालक शेजारी उभे राहून त्याला सांगत होते, "पुढची कड जरा मऊ कर. उद्या घरी सोडणार आहेत तिला." तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. मालकांनी ऐकून घेतले, फोन खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर हात टेकला. तो हात बराच वेळ तिथेच होता. उस्तादने कात्री खाली ठेवली. 

मित्रांनो, मी एका जुन्या टॅक्सीची, चालकाच्या शेजारची सीट आहे. माझे मालक स्वतःची गाडी भाड्याने चालवायचे. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि उस्ताद म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारा आणि बसवणारा कारागीर. मी लोखंडी सांगाड्याची आहे. त्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्या, काथ्यावर कापूस आणि वरून तपकिरी रेग्झिन. आजच्या सीटांसारखी मी गुबगुबीत नाही, पण माझी पाठ ताठ आहे. बाई एकदा जिन्यावरून पडल्या आणि त्यांची कंबर कायमची दुखरी झाली. मऊ जागी बसल्या की त्यांना उठवत नसे. माझ्यावर मात्र त्या बसू शकत. त्यामुळे मालक गाडी बदलत, पण मला बदलत नसत. जुनी विकताना ते मला काढून घ्यायचे आणि नवीत बसवायचे. म्हणूनच एका सीटच्या नशिबी सहसा नसते ते माझ्या नशिबी आले. मी चार गाड्या आतून पाहिल्या.

पहिली टॅक्सी उंच आणि चौकोनी होती. टोपी घातलेला माणूसही तिच्यात मान न वाकवता बसे. मागे सलग बाक. तीन माणसे बसत आणि चौथ्याला सरकून जागा देत. मधल्याचे हाल, कारण जमिनीला मधोमध उंचवटा होता आणि त्याचे गुडघे हनुवटीशी येत.

मग लांब, बुटकी गाडी आली. तिच्यात बसायचे म्हणजे जणू घरातल्या चटईवर बसायचे. पहिल्या दिवशी रस्ता इतका जवळून धावताना बघून मी थक्क झाले. समोरच्या काचेतून झाडांचे शेंडे मागे जात होते. मागच्या प्रवाशांना मांडी घालता येई, इतकी जागा होती.

तिच्यात मला बसवताना उस्ताद म्हणाला होता, "मालक, नव्या नवरीला आजीचा चष्मा लावल्यासारखं दिसेल हो हे."

"दिसू दे," बाई म्हणाल्या. "मला बसायचंय, फोटो काढायचा नाही."

त्यानंतरची व्हॅन तर अजबच. सरकते दार, सपाट जमीन, मागे एक लहान खोली मावेल एवढी मोकळीक. गाडीला पुढे नाकच नाही, बसणाऱ्यासमोर नुसती काच. इंजिन माझ्या खाली असायचे, त्यामुळे थंडीत मला ऊब मिळे आणि उन्हाळ्यात मी भाजून निघे. एवढ्या उंचावरून जग बघायला मिळते हे मला ठाऊकच नव्हते.

मालकांना जागेचे भारी कौतुक. बाई बसायला आल्या की ते आधी दार उघडायचे, मला शेवटच्या खाचेपर्यंत मागे ओढायचे आणि म्हणायचे, "बघ, केवढी ऐसपैस जागा. पसर पाय."

"पसरायला आधी पाय लांब पाहिजेत हो," बाई म्हणायच्या.

मालक मनापासून हसायचे. गाडी सुरू व्हायची.

बाई अगदी ठेंगण्या होत्या. त्यांचे पाय जमिनीला पोहोचत नसत. माझी पुढची कड त्यांच्या मांड्यांत रुते, पाय लोंबकळत, आणि कंबर सगळा भार तोलत राही. हळूच त्या आपली पिशवी पायांखाली घ्यायच्या. पाऊण तासाच्या वर बसणे त्यांना जमत नसे. मालक हळहळायचे आणि पुढच्या वेळी आणखी मोठी गाडी बघायचे.

बाईंना एकच प्रवास करायचा होता. त्यांची थोरली बहीण दूर राहते. सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी पोहोचते. बहीण थकलेली, तिला येणे शक्य नाही. दोघी फोनवर भांडायच्या. "तू येत नाहीस," थोरली म्हणायची. "मला येववत नाही," धाकटी म्हणायची. 

मालकांनी भाड्याचा धंदा सोडला तेव्हा व्हॅन विकून एक इवलीशी गाडी घेतली. उस्तादने मला तिच्यात बसवायला बराच घाम गाळला. छत खाली होते म्हणून माझे पाय कापावे लागले. मागे सरकायला जागाच उरली नाही.

मालक ओशाळले होते. "अगं, जागा कमी आहे. आता सांभाळून घे."

बाई बसल्या. गाडी निघाली, गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. बाईंनी पिशवी पायांखाली घेतली नाही, मांडीवरच ठेवली.

"दुखतंय का?" मालकांनी विचारले.

"नाही हो. पाय टेकलेत."

मालकांनी गाडी कडेला घेतली. उतरले, वळसा घालून आले, दार उघडले आणि रस्त्यावर उकिडवे बसून बाईंच्या पायांकडे बघत राहिले. दोन्ही चपला जमिनीवर सपाट टेकल्या होत्या.

"म्हणजे आजवर टेकत नव्हते?"

"तुमचं लक्ष रस्त्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही हसायचात."

त्या क्षणी माझ्या बाबतीत जे घडले ते मी कधी विसरणार नाही. बाईंनी अंग सैल सोडले आणि त्यांचे सगळे वजन माझ्यात उतरले. इतकी वर्षे मी त्यांना सांभाळते असे मला वाटे. खरे तर त्यांनी स्वतःलाच धरून ठेवले होते, मला त्या अर्ध्याच मिळाल्या होत्या. सगळ्यांत छोट्या गाडीत त्या पहिल्यांदा पूर्ण बसल्या. परतताना त्यांना झोप लागली. मालक गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. मागून कोणी हॉर्न वाजवला की मालक खिडकीतून हात बाहेर काढून गप्प राहायला सांगत.

"आता थोरलीकडे जाऊ," घरी पोहोचल्यावर मालक म्हणाले.

"आधी हिची कड नीट करून घ्या," माझ्यावर थाप मारून बाई म्हणाल्या. "दिवसभर बसायचंय."

कड करायची राहिली, आणि बाई आजारी पडल्या. ताप उतरला होता, जेवण जात होते, म्हणून मालक त्या दिवशी मला उस्तादकडे घेऊन आले होते.

पुढे उस्तादने माझी कड मऊ केली आणि मला परत गाडीत बसवले. काम सुरेख झाले आहे. त्यावर अजून कोणी बसलेले नाही. कोणी ओळखीचे भेटले की मालक मागचे दार उघडतात. माझ्यावर छत्री असते, कधी भाजीची पिशवी.

मित्रांनो, कोणती गाडी मोठी आणि कोणती लहान, हे बाहेरून बघून ठरवू नका. आपल्या माणसाला तिच्यात बसवा. मग वाकून बघा, त्याचे पाय टेकतात का. आणि त्याने थट्टेत काही सांगितले, तर हसून झाल्यावर एकदा विचारा.

परवा थोरल्या बहिणीचा फोन आला होता. मालक गाडीतच होते. "तुम्ही एकटे आलात तरी चालेल," ती म्हणाली. "ती छोट्या गाडीत कशी बसली होती, कशी झोपली होती, ते तिने फोनवर सांगितलं होतं. आता तुम्ही मला समोर बसून सांगा."

मालक "हो, येतो" म्हणाले. अजून गेलेले नाहीत.