आप्पांच्या समोर बसून

लेकी, तुझं जावळ काढायला आम्ही गंगेपल्याड, म्हणजे आपल्या गोदावरीपल्याड, देवीला निघालो, तेव्हा तू माझ्या मांडीवर मूठ चोखत होतीस. तुला यातलं काही आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

तुझे अर्जुनकाका हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत शिकतात. तिथल्या पोरांनी दोन सालांमागं बोट क्लब काढला. कुणा साहेबाची फुटकी नाव मागून आणली, डांबर भरून बुजवली आणि रोज पहाटे हुसेनसागरात वल्हवायला लागले. आता त्यांना मद्रासच्या मुलांना शर्यतीत हरवायचंय. पण सुट्टीत घरी आल्यावर काकांच्या सोललेल्या तळहातांवर तुझ्या आजोबांची, आप्पांची, नजर गेली आणि त्यांनी फर्मावलं, "पुरे झालं शिक्षण! परत जायचं न्हाई. वल्हं माराया इथं धुळाजी हाय की."

काकांनी मान खाली घातली. आपल्या घरात मुलगा बापाकडे मान वर करून बघत नाही. त्यांनी फक्त क्लबातले तिघे दोस्त आपल्या गावी, चकलांब्याला बोलावून घेतले आणि जावळाच्या दिवशी नावाडी धुळाजीची नाव मागून घेतली.

धुळाजी वल्हवतो तो उभ्यानं, पैलतीराकडे तोंड करून. हे चौघे पैलतीराला पाठ करून बसले. धुळाजी काठावरून हसला, "छोटे मालक, असं उलटं कावून? पाठीला डोळे फुटले का काय?"

"आमच्यासमोर जो बसतो, त्याचे डोळे आमचे," काका म्हणाले. "आप्पा, तुमी बसा. तुमी सांगाल तसं."

आप्पा कुरकुरले, पण बसले.

त्यांनी "हां" म्हटलं आणि चार पाठी एकदम मागे झुकल्या. लेकी, काय सांगू! एरवी पाणी उडवत, कण्हत जाणारी ती जड नाव सरळ रेघ ओढत निघाली. वल्ही चार, आवाज एक. मला भीती वाटायला हवी होती, पण मी नुसती बघतच राहिले. तूही मूठ चोखायची थांबलीस.

मधल्या धारेत खडक दिसला. आप्पा ओरडले, "खडक हाय! वरल्या अंगानं घ्या!"

चौघांतल्या एकानंही वळून पाहिलं नाही. नाव मात्र वळली.

खडक बाजूनं गेला. त्यानंतर आप्पांचा आवाज बदलला. हुकूम तोच, पण शब्द जपून टाकलेला. आणि काका सबंध वाटभर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बघावंच लागतं, नाहीतर ठेका चुकतो. आप्पाही बघत होते. बापलेकांना इतका वेळ समोरासमोर मी या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं.

नाव वाळूला लागली. काकांची मान पुन्हा खाली गेली. "आप्पा, जाऊ का मी परत?"

आप्पांनी उपरणं झटकलं. "जा. पर तिथं जो समोर बसतो ना, त्याला सांग. दम लागला की तुझी डावी नाकपुडी फुगती. तोंडानं तू सांगायचा न्हाईस. त्यानं तेवढं बघावं."

मग तुला माझ्या हातातून घेऊन ते तरातरा देवळाकडे चालू लागले, कुणाकडेही न बघता.