दाबली की मिटणारी शीर

भागूआत्या कोमट तेलाची वाटी घेऊन आली, तशी मी अप्पांच्या पायापुढे खुर्ची आडवी लावून बसले.

"चोळायचं नाही आत्या! शिरेत रक्ताची गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाईल."

"एमएस्सी काय झाली, सख्ख्या भावाच्या पायाला हात लावू देईना!"

अप्पांची डावी पोटरी सकाळी एकदम टम्म सुजली होती. ताईचं लग्न नांदेडला, आणि आमची गाडी दुसऱ्या दिवशी. गुठळी निघाली तर अप्पांचा प्रवास बंद. गुठळीचा संशय तपासायला केलेल्या रक्तचाचणीत डी-डायमर वाढलेला आला, तेव्हा त्यांनी लग्नाचा नवा शर्ट बॅगेतून काढून परत कपाटात ठेवला.

"वाढला म्हणजे गुठळीच की गं."

"नाही अप्पा. नॉर्मल आला असता तर बहुतेक सुटलो असतो. पण वाढायला इतरही कारणं असतात. खात्री शिरांच्या डॉपलर सोनोग्राफीनंच होईल."

कोठी भागातल्या सोनोग्राफी सेंटरात पद्मावती डॉक्टरांनी अप्पांच्या जांघेत जेल लावून प्रोब टेकवला. पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळे गोल. त्यांनी दाब दिला. धडधडणारा गोल, म्हणजे धमनी, तसाच राहिला. दुसरा पापणीसारखा मिटला. ती शीर. आत गुठळी असती तर मिटली नसती. दाबत दाबत त्या खाली उतरल्या. प्रत्येक ठिकाणी शीर मिटेपर्यंत माझी मूठ आवळलेली.

गुडघ्यामागे त्या थांबल्या. पुन्हा पुन्हा तिथेच बघू लागल्या. अप्पांनी डोळे मिटले.

"अंकल, नीचे बैठके काम करते क्या?"

"हौ मॅडम. राज्य के दो टुकडे हो रहे ना, तो दफ्तर में फाइलां बांट रहा हूं. मांडी घालके. एक गठ्ठा आंध्रा का, एक तेलंगाना का."

डॉक्टर खळखळून हसल्या. "बटवारा स्टेट का, फूटा आप का घुटना!"

गुडघ्यामागे पाण्याची गाठ झाली होती; ती फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. दिसायला हुबेहूब गुठळीसारखं. शिरा मात्र सगळ्या मोकळ्या.

"नांदेड?" अप्पांनी घाबरत विचारलं.

"जाओ ना! पांव ऊपर रखो. मालिश नक्को."

घरी आल्याआल्या अप्पांनी कपाट उघडलं. शर्ट बॅगेत गेला. आत्या वाटी घेऊन दारातच उभी होती.

"आता तरी?"

"नक्को म्हणाल्या डॉक्टर."

"मग तेल काय वाया घालवू? बस खाली. सकाळपासून पहारा देऊन डोकं तापलं असेल तुझं."

मी तिच्यापुढे मांडी घालायला लागले.

"मांडी नको घालूस!" अप्पा पलंगावरून ओरडले.