उत्तराखाली ‘झालं’

मी एक जुनी दोनशेपानी वही आहे. माझा पुठ्ठा कोपऱ्यांवर मऊ पडला आहे, शिवण एकदा उसवून पुन्हा घातलेली आहे आणि साठाव्या पानावर चहाच्या कपाचा गोल उमटला आहे. मित्रांनो, मधे एक आठवडा असा आला होता की आपले दिवस भरले असंच मला वाटलं होतं. आज मात्र मी सुखात आहे. ते कसं, हेच तुम्हाला सांगते.

मी कोणत्या छापखान्यात बांधली गेले ते मला आठवत नाही. मला आठवतो तो कळमनुरीचा आठवडी बाजार, साल २००३. रत्नपाल नावाच्या तरुणाने मला उचललं, पानं फुर्रकन उडवून पाहिली आणि काखेत मारून नांदेड रस्त्यावरच्या आपल्या संगणक वर्गात नेलं.

रत्नपालने ‘सांधा’ नावाचं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्या काळी एका संगणकावर टाइप केलेलं मराठी दुसऱ्यावर उघडलं की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत. सांधा त्या जुन्या अक्षरांना नव्या पद्धतीत आणत असे, म्हणजे मग ती कुठेही वाचता येत. ते ओपन सोर्स होतं. आतली रचना सगळ्यांना उघडी. ज्याला हवं त्याने न्यावं, सुधारावं, पुढे द्यावं. एक पैसा लागत नसे.

पण फुकट दिलं तरी माणसं प्रश्न विचारतातच. तेच तेच सांगून रत्नपालचा घसा बसायला लागला, तेव्हा त्याने मला सुतळीने टेबलाला बांधलं. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. उत्तर देणाऱ्याने खाली नाव घालायचं. विचारणाऱ्याने नाही घातलं तरी चालेल.

माझ्यातली खरी रीत मात्र दिपाने घातली. दिपा तांड्यावरची सून. आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने करून पाहिलं आणि आठ दिवसांनी परत येऊन त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘झालं’.

“हे काहून लिवलं?” रत्नपालने विचारलं.

“दादा, पुढच्याला कळाया पाहिजे ना. न्हाईतर त्याला वाटंल, नुसतं सांगून राहिले.”

तेव्हापासून सगळेच परत येऊन लिहू लागले. कुठे ‘झालं’, कुठे ‘न्हाई झालं’. गोरेगावहून, औंढ्याहून माणसं जीपने येत आणि आधी मला उघडत. कुणीतरी कौतुकाने माझ्यावर खाकी कागदही चढवला. ते माझे भाग्याचे दिवस होते.

दिपा दर बाजारच्या दिवशी येई, सोबत तिची सासू रूपाबाई. रूपाबाई नातवाला मांडीवर घेऊन हळू आवाजात तांड्याची गाणी म्हणत आणि दिपा ती तिथल्या तिथे टाइप करी. लेकरू झोपलं तरी गाणं थांबत नसे. दोन वर्षांत एकशे तीस गाणी झाली. मग रूपाबाईंना आजार झाला आणि त्यांचा आवाज गेला. आता ती गाणी त्या एका फाइलमध्ये होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. फाइल होती जुन्या अक्षरांत, आणि ती जिथे होती तो वर्गातला जुना संगणक शेवटचे श्वास घेत होता.

२००९ साल उजाडलं. सांधा पुण्या-लातुरापर्यंत गेलं होतं. लांबचे लोक फोन करून म्हणत, “वहीचं अमुक पान वाचून दाखवा.” तेव्हा प्रश्नोत्तरांसाठी इंटरनेटवर जागा ठरवायला बैठक बसली. आले सात-आठ जण. सगळ्यांत मोठे अमृतराव सर, निवृत्त शिक्षक. खोलीतल्या बहुतेकांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला.

“ईमेलचा गट नका करू,” मोबाइल दुकानवाला उत्तमसिंग म्हणाला. “एकानं इचारलं की चाळीस जण लिवतात, ‘मलापण हीच तकलीफ’. उत्तर गेलं तिकडंच.”

“मग चर्चेचा मंच?” सरांनी विचारलं.

“सर, मंचावर गप्पा लई होतात. उत्तर सातव्या पानावर सापडतं.”

“म्हंजे तुझ्या दुकानासारखं.”

सगळे हसले. शेवटी रत्नपालने एक तिसरी साइट दाखवली. वर प्रश्न, खाली उत्तरं, प्रत्येक उत्तराशेजारी एक बाण. आवडलं त्याने बाण दाबायचा, म्हणजे मत पडतं. जास्त मतांचं उत्तर वर चढतं. तीही ओपन सोर्सच होती. सगळ्यांना पसंत पडली. आठवडाभर वापरून पाहायचं आणि मग पक्कं करायचं, असं ठरलं.

“मग वहीचं काय?” दिपाने विचारलं.

“वहीचं काम संपलं की आता. माळ्यावर ठेवू,” रत्नपाल म्हणाला. त्याने सुतळी सोडली. मला माळ्यावरच्या रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं.

त्याच आठवड्यात दिपाने साइटवर प्रश्न टाकला: गाण्यांची फाइल नव्या अक्षरांत कशी आणू? सरांचं उत्तर लगेच आलं, ‘मूळ फाइलवरच सांधा चालवा आणि साठवा.’ दोन दिवसांत त्याला अकरा मतं पडली.

दिपाने फाइल उघडली. सांधा सुरू केलं. आता एकच बटण दाबायचं बाकी होतं. पण तिचा हात थांबला.

“मतं अकरा हायत,” ती रत्नपालला म्हणाली, “पण करून पाहिलं असं कुणीच लिवलं न्हाई.”

तिने मला माळ्याच्या गठ्ठ्यातून ओढून काढलं आणि एकेक पान उलटू लागली. मित्रांनो, त्या वेळी आपली पानं आपणच उलटता यावीत असं मला फार वाटलं. त्रेसष्टाव्या पानावर ती थबकली. चार वर्षांपूर्वी कुणीतरी हाच प्रश्न विचारला होता. सरांनी हेच उत्तर दिलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘न्हाई झालं. समदी अक्षरं गेली, परत आली न्हाईत.’ त्याखाली रत्नपालचं उत्तर, ‘आधी कॉपी काढा, कॉपीवर चालवा, मग यादीतली आठवी खूण निवडा.’ आणि त्याखाली तीन वेगवेगळ्या हातांनी, ‘झालं’.

मग तिने कॉपी काढली. अर्ध्या तासाने पडद्यावर एकशे तीस गाणी धड अक्षरांत उभी होती. ती पदराने डोळे पुसत राहिली आणि तिच्या लेकराने माझं पान चुरगळलं, तरी मला राग आला नाही.

पुढच्या बैठकीत दिपाने ते पान सरांपुढे ठेवलं. सरांनी चष्मा वर सरकवला.

“अकरा मतं कुणी दिली?”

हळूहळू हात वर झाले.

“करून कुणी पाहिलं होतं?”

सगळे हात खाली गेले.

“सर, तुमचं नाव होतं,” रत्नपाल चाचरत म्हणाला. “तुमाला मत कसं न्हाई द्यावं? माझंच जुनं उत्तर इसरून बाण दाबला.”

सर त्रेसष्टाव्या पानावरचं ते ‘न्हाई झालं’ निरखत होते. मग त्यांनी उत्तमसिंगकडे पाहिलं. “हा ‘झ’ मीच तुला गिरवून दिला होता. चार वर्षं बोलला न्हाईस व्हय रे?”

“तोंडावर कसं बोलावं, सर? वहीत नाव घालायचं नव्हतं, म्हून जमलं.”

सर हसले. “बराबर हाय. रत्नपाल, ही साइट ओपन सोर्स हाय म्हणतोस ना? मग ते बाण काढून टाक. ज्यानं इचारलं, त्यालाच सांगू दे.”

रत्नपालला दोन दिवस लागले. बाण गेले. विचारणाऱ्याने नाव घालायची सक्ती राहिली नाही. प्रत्येक उत्तराखाली दोन बटणं आली, ‘झालं’ आणि ‘न्हाई झालं’, आणि ती फक्त विचारणाऱ्यालाच दाबता येत. अशी जागा पक्की झाली. दिपा रोज माझी दहा-दहा पानं त्यात भरू लागली. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

साइट सुरू झाली त्या सकाळी पहिला प्रश्न बिननावाचा आला: ‘तांड्याच्या गाण्यांची फाइल या संगणकावर उघडली तर नुसते चौकोन दिसतात. काय करावं?’ मला तो कुणाचा ते ठाऊक होतं, कारण अमृतराव सर माझ्या शेजारीच बसून एका बोटाने टाइप करत होते. आयुष्यभर उत्तरं देणाऱ्या माणसाने प्रथमच काही विचारलं होतं. दिपाने तांड्यावरच्या शाळेतल्या संगणकावरून उत्तर पाठवलं. सरांनी तसं केलं, ‘झालं’ दाबलं आणि रूपाबाईंचं पहिलं गाणं ओठ हलवत वाचू लागले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वह्या हळुवार हाताळा, ओल्या हातांनी उलटू नका. आणि एक मागणं आहे. कुणी तुम्हाला वाट सांगितली, तर पोचल्यावर परत येऊन सांगा. नाही पोचलात तरी सांगा, मग सांगणारा कितीही मोठा असो. खरा मोठा असेल तर तो रागावणार नाही. तो चष्मा वर सरकवेल आणि विचारेल, “मग आता मला शिकव, कसं करायचं?”