लटारूचा वाकडा काटा

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. जेवायचा, चार दातांचा, स्टीलचा. त्यातले कडेचे दोन दात आत वाकले आहेत, म्हणून मला हसू नका. आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते चंद्रपूर. दोन हजार सहा साली गुणवंतरावांनी तिथं इटालियन हॉटेल काढलं आणि आम्हा भावंडांना खोक्यातून बाहेर काढलं. काय थाट होता आमचा! गुणवंतराव मला उजेडात धरून म्हणायचे, "यात चेहरा दिसला पाहिजे." मग मीही ताठ्यात राहायचो. लोक वाढदिवसाला यायचे, मला हातात धरून फोटो काढायचे आणि पिझ्झा मात्र हातानंच खायचे. मला मेला भारी राग यायचा.

एका रविवारी संध्याकाळी दामिनी आली. ती दातांच्या एका दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागली होती. पहिल्या पगारात आईबापांना इथं पोटभर जेवू घालायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. बाप लटारू, गोंडपिपरीकडचा धीवर, तलावात मासे धरणारा. आई भागीरथा. दोघं खुर्च्यांच्या टोकावर अवघडून बसली.

"अवो माय! आपण मासोळीचा काटा काढून फेकतो, न इथी काटा धरून खाचं?" भागीरथा म्हणाली. तिघंही हसली. लटारू तोंडावर दुपट्टा धरून हसला.

पिझ्झा आला. दामिनीनं मोठा तुकडा बापाच्या ताटात ठेवला. लटारूनं तो ओठांपर्यंत नेला आणि परत खाली ठेवला.

"तू खा बाई. मले भूक नाई."

"काऊन नाई? सकाळपासून उपाशी हायेस तू."

"वास नाई जमून राह्यला मले."

दामिनीचं तोंड एवढंसं झालं. तिनं मग त्याच्यासाठी लांब शेवयांचा पास्ता मागवला. "हे नरम हाय, बाबा. माह्यासाठी तरी खा."

लटारूनं ताटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि मला हळूच टेबलाखाली नेलं. जाळी विणणारी बोटं ती, जोर भारी. त्यानं माझे कडेचे दोन दात आत दाबले. मी कळवळलो हो! काय रानटी माणूस आहे, असं वाटलं. मग त्यानं एकच शेवई जाळ्याच्या दोऱ्यासारखी माझ्याभोवती गुंडाळली आणि मला तोंडाशी नेलं. तेव्हा मला कळलं. ते तोंड एका बोटाएवढंच उघडत होतं. माझे चारही दात पसरलेले असते, तर शेवईसकट मी आत जाऊच शकलो नसतो.

थंड पाण्यात तासन्‌तास उभं राहताना लटारू गालात खर्रा धरायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो खर्रा. वीस वर्षांत त्याचे गाल आतून आखडले होते, एक जखमही चिघळली होती. घरी तो भात मासोळीच्या रश्श्यात कुस्करून पेजेसारखा गिळायचा. त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दामिनीची नजर माझ्या वाकड्या दातांवर पडली. "बाबा, आ कर."

"खाऊ दे ना बाई. मस्त हाय हे."

"आ कर ना, बाबा!"

त्यानं केला. दामिनी रडायलाच लागली. "मी रोज लोकाइचे तोंडं पाहतो, न आपल्या बापाचं नाई पाह्यलं!"

लटारू मात्र उठला नाही. एकेक शेवई करत त्यानं लेकीसाठी अख्खी ताटली संपवली. पास्ता पार थंड झाला होता.

त्यानंतर गुणवंतरावांनी मला पाहून नाक मुरडलं. वेटर दसरूनं मला खणाच्या तळाशी टाकलं. पाच महिने मी तिथं पडून होतो. मग एका सकाळी दामिनी आली. डोळे खोल गेलेले. लटारू नागपूरला तोंडाच्या कर्करोगावर उपचार घेता घेता गेला होता. तेरवीसाठी तिला त्या शेवया हव्या होत्या, आणि मी हवा होतो. दसरूनं अख्खा खण उपसला आणि मला धुऊन तिच्या हातात दिलं.

तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, मेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढून कावळ्यासाठी बाहेर ठेवतात. लटारूचा भाऊ चैतू आला आणि त्यानं पानावर खर्र्याची पुडी ठेवली. "माह्या भावाले हाच आवडे."

भागीरथानं पुडी उचलून त्याच्या पुढ्यात टाकली. "ह्यानंच खाल्लं त्याले. पानावर नाई चालाचं हे."

दामिनीनं शेवया वाढल्या. एक माझ्याभोवती गुंडाळली आणि मला पानावर ठेवलं.

आता मी त्यांच्याच घरी, फळीवर असतो. दात सरळ करायला दामिनीनं कुणाला हात लावू दिला नाही. ती गावी आली की जेवायच्या आधी सगळ्यांना आ करायला लावते. तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. परवा चैतूच्या तोंडात दोनच गेली.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा भांड्यांना चकचकीत ठेवलं नाही तरी चालेल. पण आज जेवायला बसाल तेव्हा शेजारच्या ताटात एकदा बघा. कुणी भाकरी भिजवून, कुस्करून खात असेल, तर का, ते विचारा. भूक नाही म्हणाला, तर ऐकू नका.